तिसरा मुद्दा

माझा पहिला मोठा उपदेश ऐकायला बसलेल्या लोकांचं त्या दिवशीचं पाणी मी बुडवलं. ही गोष्ट बरीच वर्षं मी कुणाला सांगितली नाही, आणि सांगितली तेव्हा टँकरवाल्यावर ढकलली. आता वय झालं, खरं सांगायला हरकत नाही.

मी मूळचा अर्धापूरकडचा. केळीच्या बागा मागे टाकून लातूरला आलो तो तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे उपदेश करायला शिकण्यासाठी. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जो तो ‘आता आपला जिल्हा’ म्हणत छाती फुगवून चालायचा, आणि नळाला मात्र आठवड्यातून एकदा पाणी. साहेबांनी शिफारशीचं पत्र दिलं तरच मला सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, जाता येणार होतं. माझा सगळा डोळा त्या पत्रावर होता, हे कबूल करतो.

साहेबांची शिकवण्याची तऱ्हा जगावेगळी होती. बायबलमधलं निवडलेलं वचन आधी सात वेळा उभ्यानं वाचायचं. तोवर पेनाचं टोपण काढायचं नाही. मुद्दे तीनच. मग लिहिलेलं सगळं साहेबांच्या पत्नीला, पाळकबाईंना, वाचून दाखवायचं. त्या सूप घेऊन ज्वारी निवडत बसायच्या. जे वाक्य ऐकून त्यांचा हात थांबेल ते ठेवायचं, बाकीचं काटायचं. पहिल्या खेपेला मी चार पानं वाचली. बाईंची अख्खी पायली निवडून झाली, हात काही थांबला नाही.

परीक्षेच्या उपदेशासाठी मी दुष्काळातलीच गोष्ट घेतली. देशात पाऊस नाही. देवाचा निरोप सांगणारा संदेष्टा एका विधवेला प्यायला पाणी मागतो, मग भाकरी मागतो. तिच्याकडे मूठभर पीठ, तिचं आणि पोराचं शेवटचं जेवण. तो म्हणतो, आधी माझ्यासाठी कर. ती करते, आणि पाऊस पडेपर्यंत तिच्या मडक्यातलं पीठ सरत नाही. माझा तिसरा मुद्दा होता, ‘आधी देवाच्या माणसाला.’ तो ऐकला आणि बाईंचा हात थांबला. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी खूष! का थांबला, हे विचारायची बुद्धी झाली नाही.

उपदेश औशाजवळच्या एका वस्तीवर होता. पत्र्याचं छोटं चर्च, आत सतरंजीवर माणसं, बाहेर भिंतीलगत घागरींची रांग. टँकर येईल तेव्हा खरा, अशी तेव्हा स्थिती होती. आमच्यात एक रीत होती आणि ती साहेबांनीच घट्ट केलेली: वचन सुरू झालं की शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत कुणी उठायचं नाही. मधेच उठणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. बोलणाऱ्याला टोकायचंही नाही. म्हणून साहेबांनी मला खूण सांगून ठेवली होती. मागे बसलेल्या त्यांनी चष्मा काढला की मी आवरतं घ्यायचं.

दुसरा मुद्दा चालू असताना बाहेर हॉर्न वाजला. बायांच्या माना दाराकडे वळल्या आणि परत माझ्याकडे आल्या. साहेबांनी चष्मा काढला. मी पाहिलं. पण तिसरा मुद्दा राहिला होता, आणि तोच तर माझा हुकमी एक्का. मी नजर फिरवली आणि आवाज चढवला. टँकर वस्तीच्या तोंडाशी दहा मिनिटं थांबायचा. घागरी पुढं आल्या नाहीत तर पुढच्या वस्तीवर जायचा. हॉर्न पुन्हा वाजला. कुणी हललं नाही. मी ‘आधी देवाच्या माणसाला’ म्हणत होतो तेव्हा टँकर निघून गेला.

आशीर्वाद झाला. कुणी मला बोल लावला नाही. सगळ्यांनी रीतीप्रमाणे हात मिळवून सलाम केला. एका बाईनं घरी जाऊन तांब्याभर पाणी आणलं. तिचं पोर तिच्या पदराला धरून उभं होतं.

"घ्या मास्तर. लई बोललाव, घसा वाळला असंल."

"नको. पोराला ठेवा."

"असं कसं? आदी तुमाला. आत्ताच म्हनलाव की."

तो टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिच्या चेहऱ्यावर तो शोधला, सापडला नाही. साहेबांकडे पाहिलं. "पी," ते म्हणाले. मी प्यायलो. गढूळ, कोमट पाणी होतं. पोर माझ्या घोटांकडे बघत होतं. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"घरात किती उरलंय?" मी विचारलं.

"रांजनाच्या बुडाला हाय थोडं. सरत न्हाई म्हनलाव न्हवं तुमी?"

शिवारात दोन मैलांवर एका विहिरीला पाणी होतं. बाया घागरी घेऊन निघाल्या. मी दोन घागरी उचलल्या. साहेबांनी पँट दुमडली, एक त्यांनी घेतली.

"पत्र यंदा नाही," वाटेत ते म्हणाले.

"बरं," मी म्हटलं. थोडं पुढं गेल्यावर मी विचारलं, "मग बाईंचा हात का थांबला होता?"

"तुझ्या उपदेशात ती विधवा कुठंच नव्हती म्हणून. नुसता संदेष्टाच. रात्री बाई मला म्हणाल्या, हा पोरगा एकदा उपाशीपोटी कुणाच्या तरी दारात गेला पाहिजे, मग देणारी त्याला दिसेल."

दुसऱ्या खेपेला ऊन कललं होतं. मी त्या बाईच्या रांजणात घागरी ओतल्या. ती वाकून आत बघत राहिली, मग पोराला म्हणाली, "बग रं, मास्तर म्हनले व्हते, सरत न्हाई."

मी बाहेर आलो आणि भिंतीकडे तोंड करून रडलो. शेजारणीचा रांजण अजून रिकामा होता. डोळे पुसले आणि पुन्हा घागरी उचलल्या.