विहिरीवरचं मध्यंतर

जयपूरजवळच्या बगरूच्या पलीकडे एका गावात माझ्या डोळ्यांदेखत एका माणसाचा हात लाठ्यांनी चेचला गेला. त्याला तिथे मीच पाठवलं होतं.

साठ साल उलटून थोडेच दिवस झाले होते. मी जयपूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. आदर्श नगरात घर होतं, आणि थोरला भाऊ, दादा, हाडांचा डॉक्टर होता. त्या हिवाळ्यात परदेशातल्या एका संस्थेला दुभाष्याचं काम करणारं कुणीतरी हवं होतं. संस्थेने त्या गावात विहीर खोदून दिली होती, आणि तिच्या गोऱ्या कार्यकर्त्याने गावाचा फुटबॉल संघही उभा केला होता. वरच्या जातीतले आणि गावाबाहेरच्या चर्मकार वस्तीतले गडी त्यात एकत्र खेळायचे. त्यावर माहितीपट निघणार होता.

दोन दिवसांतच मला दिसलं की वस्तीतल्या बायका विहिरीपासून लांब घागरी घेऊन बसतात, आणि कुणाला दया आली तरच त्यांना वरून पाणी मिळतं. दिग्दर्शकाला मी ते सांगितलं. बदलाला वेळ लागतो, असं तो म्हणाला.

संघाचा गोलकीपर वस्तीतला होता. पंचविशीचा, जोडे शिवणारा, अबोल. शेजारच्या गावाशी सामना होता त्या दिवशी तो अनवाणीच उभा राहिला. खेळ पहिल्यापासून दांडगाईचा होता. कापणी झालेल्या बाजरीच्या शेतात माणसं धसकटांवर पडत होती, पोटऱ्या सोलून निघत होत्या. समोरच्या संघातल्या एकाने धावत येऊन गोलकीपरच्या बरगडीत लाथ घातली. तो तोंडावर आपटला, ओठ फुटला, पण त्याच्याच संघातलं कुणी त्याला उठवायला गेलं नाही.

मध्यंतरात तो रक्त थुंकत बसला होता. मागे विहीर होती. दिग्दर्शक मला म्हणाला, त्याला स्वतः पाणी काढून प्यायला सांगा, चित्रपटाला हाच प्रसंग हवा. ऊन उतरत होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते. वस्तीतल्या माणसाने त्या विहिरीला हात लावण्याचा अर्थ काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी गेले आणि सांगितलं.

त्याने वळून विहिरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बहनजी, हे साहेब सांगतायत की तुम्ही?"

"मी सांगतेय," मी म्हणाले. "इतकी माणसं आहेत. कुणी काही करणार नाही."

त्याने बादली सोडली, ओढली आणि ओंजळीने पाणी प्यायला. तो तोंड पुसतोय तोच पहिली लाठी त्याच्या पाठीत बसली. ती त्याच्याच संघाच्या कप्तानाच्या काकाची होती. मग चारपाच जण धावले. मघापर्यंत त्याच्याकडे बॉल देणाऱ्या एकाने त्याचे पाय धरले. दोघांनी त्याचा उजवा हात विहिरीच्या कठड्यावर दाबून ठेवला आणि तिसरा त्यावर मारत राहिला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी ओरडत होते ते मराठीत, तिथे कुणालाही न कळणाऱ्या भाषेत. एक लाठी मी दोन्ही हातांनी धरली, तेव्हा दुसरी माझ्या खांद्यावर आली आणि मी चिखलात पडले. गोरा कार्यकर्ता मध्ये घुसला, त्याचं डोकं फुटलं. त्याचं रक्त बघून मात्र मारणारे थबकले. माणूस बाहेरचा होता, पोलीस आले असते.

तेवढा वेळ कॅमेरा चालूच होता.

जीपमध्ये गोलकीपरचं डोकं मांडीवर घेऊन मी जयपूरला आले. दादाने ऑपरेशन केलं, पण दोन बोटं काढावी लागली. माझा खांदा बांधताना दादाने विचारलं, तो विहिरीवर गेलाच कसा? मी सांगितलं. दादाने पट्टी पुरी केली आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

मी साक्ष द्यायला तयार होते. गोलकीपरनेच मला अडवलं. खाटेवरून म्हणाला, "तुम्ही बोलाल आणि घरी जाल, बहनजी. माझी आई तिथे आहे." मी साक्ष दिली नाही. पुढे गावातच तडजोड झाली. आईला घेऊन तो आमेरकडे राहायला गेला. चामडं कापायची रापी हातात धरता येईना, म्हणून डोक्यावरून दगड वाहायला लागला.

वर्षभराने जयपूरच्या एका सभागृहात तो माहितीपट दाखवला. बादली वर आली, ओंजळ भरली, निवेदक म्हणाला की हे पाणी आता सगळ्यांचं आहे. लगेच दुसऱ्या हाफचा खेळ सुरू झाला. तो सामन्याच्या आदल्या दिवशीच्या सरावाचा होता. टाळ्या पडल्या.

मी उभी राहिले. मध्यंतरानंतर काय झालं ते हिंदीत सांगितलं, आणि त्याला पाणी प्यायला सांगणारी मीच होते हेही. त्याचं नाव, गाव मात्र सांगितलं नाही. संयोजकांनी दोनदा मला बसायला सांगितलं. पुढच्या रांगेतले पाहुणे उठून चहाकडे गेले. राहिलेल्यांसमोर मी शेवटपर्यंत बोलले. त्यानंतर त्या संस्थेने मला कधी बोलावलं नाही, आणि कुणासाठीही दुभाष्याचं काम मी पुन्हा केलं नाही.