बेलापूरच्या भिंतीतला तांबडा मुरूम

आधीच सांगून टाकते, मी भुताखेतांतली बाई नाही. नगरला नागापूर एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे, सोळा वर्षं झाली. डोळ्यांना दिसेल आणि गेजमध्ये बसेल तेवढंच खरं मानायची सवय. करणी, बाधा, नजर असलं कुणी काढलं की मी चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे. चर्चमध्येसुद्धा अंगात आल्यासारखं ओरडणाऱ्यांपासून चार बाकं लांब बसते. तरीही खाली लिहिलंय ते घडलंय. आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्यात मला भीती कमी वाटली, समाधान जास्त.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नागापूरच्या मागच्या बाजूला एक रो-हाऊस घेतलं. घेतलं ते पप्पांसाठी. पप्पा मिशनच्या शाळेत मास्तर. सगळी नोकरी क्वार्टरमध्ये गेली, रिटायर झाल्यावर भाड्याच्या खोल्यांत. "एकदा स्वतःच्या भिंतीला पाठ टेकून बसायचंय बाई," एवढीच त्यांची इच्छा.

विकणारे आमच्याच चर्चचे पंच. मी त्यांना काका म्हणायचे, आणि इथेही काकाच म्हणते... नाव लिहायची माझी इच्छा नाही. गावी, आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरला, बंगला बांधून ते तिकडे राहायला गेले होते.

घर बघायला गेलो तेव्हा हॉलच्या भिंतीवर, खिडकीला लागून, मोठा पत्र्याचा बोर्ड होता. निळ्या एनॅमलवर पांढरी अक्षरं... या घराचा धनी ख्रिस्त. आमच्यात बहुतेक घरांत असा असतो. दुसऱ्याच्या भिंतीवरचा तो बोर्ड कुणी हलवून बघत नाही, तसं करणं म्हणजे त्या घराच्या विश्वासावरच शंका घेणं. आठ तास कास्टिंग ठोकून बघणारी मी, पण त्या बोर्डाला हात लावला नाही. खिडकीच्या चौकटीला ताजा ऑइलपेंट होता, तीही ठोकून बघितली नाही. काका म्हणाले, "हा बोर्ड राहू द्या तुमाला, आशीर्वाद म्हणून." पप्पांचे डोळे भरून आले.

राहायला गेलो. पप्पांची ट्रंक त्याच भिंतीला लावली. ट्रंक जुनी, तळाला गंजून भोकं पडलेली. आत त्यांची गायनाची वही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हातानं उतरवलेली भजनं, प्रत्येकावर ताल लिहिलेला, समासात कुणाच्या लग्नात म्हटलं, कुणाच्या मयताला म्हटलं ते. काही भजनं खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून घेतलेली, कुठल्याही छापील पुस्तकात नसलेली.

महिनाभरानं उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली. पावसाळा होता. मंडळी आली, पाळकसाहेब आले, काका पहिल्या खुर्चीवर. पप्पांनी गायन सुरू करायचं होतं. त्यांनी स्वतः ट्रंक उघडली, वही काढली... पुठ्ठा तेवढा हातात आला. आत नुसती माती. ओलसर, तांबूस, आणि तीत वळवळणारी पांढरी वाळवी.

माझ्या नवऱ्यानं ट्रंक सरकवली. भिंतीवर मातीच्या नळ्या, बोटाएवढ्या जाड, वर चढत थेट बोर्डाखाली गेलेल्या. त्यानं बोर्ड उतरवला. मागे पुट्टीचा मोठा चौकोन, बोर्डापेक्षा चार बोटं लहान. बोटानं दाबल्यावर पुट्टी आत गेली. शेजारच्या चौकटीत स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत घुसला.

"काका, तुम्हाला माहीत होतं?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"वाळवी कुनाच्या घरात न्हाई बाई? जमिनीचा गुन हाय त्यो," काका रुमालानं मान पुसत म्हणाले. "प्रार्थनेच्या टायमाला असलं काढायचं नसतं."

आणि मंडळी गप्प बसली. पंच ना ते! पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, सगळ्यांनी पुलाव खाल्ला आणि घरी गेले.

पप्पा म्हणाले, "जाऊ दे, मला पाठ आहेत." रोज संध्याकाळी पेटी घेऊन बसायचे. पहिलं कडवं व्हायचं, दुसऱ्याला अडखळायचे. मग तिसऱ्याच भजनावर जायचे, तिथेही तेच. दोन महिन्यांत त्यांनी पेटी बंद केली आणि त्यानंतर महिन्याभरात ते गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. जाण्याच्या आदल्या दिवशीही मला म्हणाले, "त्या माणसाचा राग धरू नकोस." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार?

पप्पांच्या मातीनंतर आठव्या दिवशी मी तो बोर्ड डिटर्जंटनं धुतला, उन्हात वाळवला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि एसटीनं बेलापूरला गेले. धुतला हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल की वाळवी बोर्डाबरोबर गेली असेल. पत्र्याचा बोर्ड, कोरडाठाक. त्यावर एक किडासुद्धा नव्हता, मी इन्स्पेक्शन करूनच नेला.

काकांनी हसून स्वागत केलं, बंगला दाखवला. दगडी चौकटी, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, लोखंडी कपाटं, लोखंडी पलंग. "लाकडाची काडी न्हाई बघ सबंध घरात!" अभिमानानं म्हणाले. म्हणजे माणूस शिकला होता. माझ्या घरात राहून शिकला होता आणि शिकून आम्हाला ते घर विकलं होतं.

हॉलमध्ये खिळ्यावर कॅलेंडर होतं. मी ते काढलं आणि तिथे बोर्ड टांगला.

"काका, आशीर्वाद तुमच्याकडेच असू द्या," मी म्हटलं. मग भिंतीला तळवा लावून हळूच म्हणाले, "ज्यांनी माझ्या बापाची वही खाल्ली, त्यांनी आता इथे यावं." काकांना ऐकू गेलं नाही. चहाचा ट्रे घेऊन मागे उभ्या असलेल्या काकूंना गेलं. मी चहा प्याले, दोन खारी खाल्ल्या आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पेस्ट कंट्रोलवाला यायचा होता. आदल्या सकाळपर्यंत नळ्या ओल्या होत्या, फोडल्या की आत किडे धावायचे. तो ड्रिल घेऊन आला, एक नळी फोडली, दुसरी फोडली, चौकटीत बॅटरी मारली आणि मांडी घालून खालीच बसला.

"ताई, आधी कुनी औषध मारलं का?"

"नाही."

"मंग गेली कुटं? मेलेली पन न्हाई एक. सगळं कोरडं खडखडीत. लई घरं केली मी, वाळवी अशी एका रात्रीत घर सोडत न्हाई ओ." तरी त्यानं फरशीच्या कडेनं भोकं पाडून औषध सोडलं. नियम म्हणून.

तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला. "बाई, बोर्डाखालून माती निघायलीय."

रविवारी भर दुपारी मी गेले. बोर्डाच्या खालच्या कडेतून चार नळ्या बाहेर आल्या होत्या. जमिनीकडून वर गेलेल्या नव्हत्या, वरून खाली उतरत होत्या. वाळवी मातीतून वर येते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण माझं लक्ष रंगाकडे गेलं. बेलापूरची जमीन काळीभोर, प्रवरेकाठची, ऊस पिकवणारी. काकांच्या अंगणात कुदळ मारा, काळीच निघेल. भिंतीवरची माती तांबडी होती, आमच्या नागापूरच्या मुरमाची. मी चिमूटभर टिश्यूत घेतली.

सोमवारी कंपनीच्या सँड लॅबमध्ये, जिथे आम्ही साच्याची वाळू तपासतो, तिथल्या मैत्रिणीला दोन पुड्या दिल्या. एक काकांच्या भिंतीची, एक माझ्या अंगणातली. कुठली कुठली हे सांगितलं नाही. तिनं चाळण्या लावल्या, भिंगाखाली धरल्या आणि म्हणाली, "एकाच खड्ड्यातली आहे की. दोनदा कशाला आणलीस?" मी दोन्ही पुड्या परत मागून घेतल्या. बसमध्ये घरी जाताना मी हसत होते, शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली तेव्हा कळलं.

काकांनी तीनदा औषध मारून घेतलं. बोर्ड उतरवला, तर उघड्या भिंतीवर त्याच मापाचा मातीचा चौकोन उठला. लाकूड नव्हतंच, मग वाळवीनं कागद धरला. लोखंडी कपाटातले सत्काराचं मानपत्र, लग्नाचा अल्बम, घरच्या बायबलचं ते पहिलं पान, ज्यावर तीन पिढ्यांचे जन्म लिहिलेले होते. काकू रडत सांगायच्या. काकूंचा काही दोष नव्हता, मला ते कळत होतं. तरी मी प्रत्येक वेळी विचारायचे, "अजून काय काय गेलं?"

शेवटी काका घरी आले. एसटी स्टँडवरून उन्हात चालत आले होते, चेहरा उतरलेला.

"बाई, तू काय बोललीस ते माघारी घे."

"मंडळीसमोर उभं राहून सांगा, बोर्डामागं काय होतं आणि तुम्हाला कधीपासून माहीत होतं."

"मी पंच हाय गं... माझी इज्जत जाईल."

"माझ्या बापाची वही गेली."

चार महिने लागले त्यांना. मग एका रविवारी उपदेशानंतर ते उभे राहिले.  सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, पप्पांचं नाव घेतलं आणि ढसाढसा रडले. पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. "बहिणीनं भावाला क्षमा करावी." सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. मी काकांचा हात हातात घेतला आणि माइकवर, स्पष्ट आवाजात म्हणाले, "मी क्षमा केली." बायकांनी डोळे पुसले.

सोमवारी सकाळी काकूंचा फोन. "बाई... आज नवीन नळी आलीय. तू मनापासून म्हनालीस ना गं?"

"म्हणजे काय काकू! सगळ्यांसमोर म्हटलं की."

वाळवी माझ्या घरातून एका रात्रीत कशी गेली, नगरचा मुरूम बेलापूरच्या भिंतीत कसा पोचला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. सँड लॅबकडे नाही आणि पाळकसाहेबांकडेही नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. ती थांबत का नाही, एवढं मात्र मला कुणाला विचारायची गरज नाही.

काकूंचा फोन अजून येतो, पंधरा दिवसांतून एकदा. मी उचलते, तब्येत विचारते, मग विचारते, "वाढली का?" काकू "व्हय" म्हणाल्या की मी "अरेरे" म्हणते... आणि त्या दिवशी मला दोन घास जास्त जातात.