फेराला पुढची रांग नसते

आत्याबाईचा आवाज आधी यायचा, मग ती. लोधिवलीकडून येणारी एसटी कॉलेजच्या फाट्यावर थांबली की दारातूनच हाक, "चला रं, आटपा!" वयाने ती आमच्याएवढीच, पण सगळ्यांवर हुकूम चालवायची म्हणून पोरांनी तिला आत्याबाई केलं. तिने ते नाव बिनतक्रार घेतलं आणि हुकूम वाढवले.

खोपोलीच्या आमच्या कॉलेजात तेव्हा वर्गात बोलणारे वेगळे आणि गप्प बसणारे वेगळे. गप्प बसणारे आम्ही, भातशेतीवाल्यांची पोरं. तोंडून 'हाय-नाय' निघालं की मागून खसखस पिकायची. आत्याबाई भर वर्गात ठणकावायची, "सर, समजलं नाय." कुणी हसलं की वळून म्हणायची, "तुला समजलं ना? मग उठ, मला सांग." हसणारा कधी उठला नाही.

तिनेच आमचं मंडळ काढलं. शनिवारी वर्ग सुटले की मैदानावर गौरीचा फेर. गौरी-गणपतीत गावात बायका धरतात तोच. गोल, हातात हात, तोंडं आत एकमेकांकडे. पोरगे लाजायचे. "गौरीचे वडे खाताना लाजलास का रं?" एवढं विचारलं की येऊन हात धरायचे.

मी पत्रकं लिहायचो. 'शोषितांनो, जागे व्हा!' तिने एक वाचून परत दिलं. "झ्याक हाय. पन जागं होऊन यायचं कुठं, ते लिव्हलंच नाय." मी खाली 'शनिवारी, मैदानावर' असं घातलं. त्या शनिवारी माणसं आली.

गॅदरिंगला फेर करायचा ठरला. सांस्कृतिक विभागाचे सर तालीम बघायला आले आणि भडकले. "पाहुण्यांकडे पाठ? अर्धगोल करा, तोंडं समोर!"

"सर, अर्धा फेर नसतो," आत्याबाई म्हणाली.

"मग पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी बघायचं काय?"

"फेराला पुढची रांग नसते, सर. ज्याला बघायचंय त्यानं आत यावं. तुमी पन या."

सरांनी आमचा कार्यक्रम कापला. वर दम दिला : माफी मागा, नाहीतर मंडळ बंद.

संस्कृती म्हणजे खुर्चीत बसलेल्यांची करमणूक, हे यांना कुणी शिकवलं? आमच्या आया कुणाच्या खुर्चीसाठी नाचत नव्हत्या. हे मी तेव्हाही लिहिलं, आताही लिहितो.

गॅदरिंगच्या दुपारी मांडवात नाटुकलं चालू होतं. आत्याबाईने बाहेर मैदानावर फेर धरला. ढोलकी नाही, माईक नाही. नुसते गळे आणि पाय. आधी आमची पोरं, मग कँटीनची मावशी, मग मांडवातल्या मागच्या बाकांवरचे. नाटुकलं संपलं तेव्हा आत पाहुणे आणि रिकाम्या खुर्च्या उरल्या होत्या. माफी तिने मागितली नाही. मंडळ बंद झाल्याची नोटीस लागली. शनिवार चालूच राहिले.

बी.ए. होऊन ती कर्जतच्या पलीकडे, डोंगरातल्या एका आश्रमशाळेत नोकरीला गेली. निरोपाला आम्ही हार आणला तर खेकसली, "हार कशाला? मी मेले का रं? शनिवार चुकवू नका, बास."

पुढच्या गॅदरिंगला बंद मंडळाचा फेर पुन्हा मैदानात उभा राहिला. सर तरातरा आले. "कुणाच्या परवानगीने?"

चौक गावची एक पोरगी होती, पहिल्या वर्षाची. आत्याबाईला तिने कधी पाहिलंही नव्हतं. शेजारणीचा हात न सोडता ती म्हणाली, "सर, आत येताय का? नायतर जरा बाजूला व्हा. फेर मोठा होतोय."