लिनक्सची झडती

शेजारच्या ताराचंदभाऊचं आणि त्याच्या लेकीचं, रश्मीचं, भांडण मी भिंतीआडून ऐकलं होतं.

"बाबा, या जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकू. आईचे फोटो पटापट उघडतील. फुकट आहे."

"फुकट? काहून देऊन राहिला तो? तुझा मामा लागते का?"

भाऊ जवाहरनगरच्या कारखान्यात गेटवर झडती घ्यायचा, तीस वर्षं. बायको कुंताबाई गेली तेव्हापासून तिचे सारे फोटो त्याच लॅपटॉपात होते. ते पुसले गेले तर?

म्हणून त्यानं इंटरनेट बंद केलं अन् तीन तऱ्हेचे लिनक्स नुसते पेनड्राइव्हवरून चालवून पाहिले, आत एकालेही घेतलं नाही. एक फार हळू चाले. दुसऱ्यात काळ्या पडद्यावर हुकूम लिहावे लागत. तिसरा मिंट नावाचा. त्याच्यासाठी त्यानं माऊस माझ्या हातात दिला. दुसरी शिकलेल्या मलेही कुंताबाई सापडली, तेव्हा मिंट पास झाला.

फोटोंची नक्कल काढून मगच त्यानं मिंट टाकला. तरी त्याचा भरवसा नव्हताच. दर रविवारी नव्या नकलेचा पेनड्राइव्ह माझ्या कपाटात ठेवायले आणायचा. वारला त्याच्या आदल्या दिवशीही आला.

"वहिनी, कुलूप लावा," म्हणाला. मी लावलं. त्यानं ते ओढून पाहिलं अन् घरी गेला.