खंदकात उभं राहून किल्ल्याचा शोध

किल्ला म्हटला की मराठी माणसाची मान आपोआप वर जाते. त्यामुळे लंडनमधल्या स्टॅनमोरहून तासभर गाडी चालवून आम्ही एका कुरणात शिरलो आणि दोघंही आकाशाकडे बघत राहिलो. वर ढग होते. किल्ला नव्हता.

बाबा पुण्याहून आले होते. सह्याद्रीतले बहुतेक गड त्यांनी पालथे घातलेले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी चढ बंद केला, तेव्हापासून गडांचा विषय निघाला की ते उठून आत जात. "कॅसल आहे, मध्ययुगीन. पार्किंगपासून अगदी जवळ," असं मी तोऱ्यात सांगून त्यांना आणलं होतं.

फाटकाजवळच्या फलकावर बुरुज, निशाणं आणि घोड्यावर बसलेला उमराव असं भव्य चित्र होतं. खाली बारीक अक्षरांत कबुली होती, की यातलं काहीही उरलेलं नाही आणि उमराव कोण होता ते नक्की ठाऊक नाही. चित्रकाराला मात्र त्याच्या मिशासुद्धा ठाऊक होत्या.

"हा तुझा किल्ला?" बाबा म्हणाले. "आपल्या सोसायटीतली पोरं दिवाळीत याहून उंच करतात."

"चला, कुठेतरी कॉफी घेऊ."

"थांब. पायाखाली बघ. इथे गवत हिरवंगार, ओल आहे. वर सुकलंय. आणि ही कड बघ कशी गोल वळत गेलीय." मग ते ओरडलेच. "अगं, आपण खंदकात उभे आहोत!"

मग काय! आम्ही खंदकातून जवळजवळ पळतच निघालो. "हा बांध आडवा टाकलाय ना, इथून आत जायची वाट! म्हणजे दरवाजा इथे!" बाबा सांगत होते. मला पडक्या वैभवाचं कधी कौतुक नसतं, पण आता बाबांच्या पुढे मीच होते. वाटेने आत गेलो तर समोर मातीचा उंचवटा, दुमजली घराएवढा.

"बाबा, डॉक्टर काय म्हणालेत?"

"गड चढू नका म्हणालेत. हे टेकाड आहे."

"आत्ता तर खंदक, दरवाजा दाखवत होतात!"

"खांदा दे."

आडवी पावलं टाकत, दम खात ते चढले. माथ्यावर पोचताच सवयीने वाकले आणि चिमूटभर माती कपाळाला लावली. कुठल्याशा अनोळखी उमरावाची माती. मग त्यांनी पुण्यातल्या ट्रेकच्या मित्राला व्हिडिओ कॉल लावला.

"कुठे आहेस रे?"

"गडावर," बाबा म्हणाले, आणि मागचा मोटरवे दिसू नये म्हणून फोन जरा तिरका धरला.