काठीवरचं छप्पर

नव्वदीच्या दशकात मला कमी ओझ्याचं वेड लागलं होतं. आठवडाभर ओतूरच्या कॉलेजात नोकरी आणि रविवारी डोंगर. जी वस्तू दोन-तीन कामं करत नाही ती सॅकमध्ये घ्यायची नाही, हा माझा नियम. टूथब्रशचा दांडासुद्धा मी कापून टाकला होता. अतिशहाणा म्हणतात तो मीच.

वडील तरुणपणी मेंढरं घेऊन आहुप्याच्या घाटानं कोकणात उतरायचे. पुढे मेंढरं विकून शेती धरली. "त्यो घाटावरचा कडा परत एकदा दाव मला," असं ते दोन वर्षं म्हणत होते. शेवटी एका अश्विनात आम्ही निघालो. त्यांनी खांद्यावर घोंगडी टाकली.

"एवढं ओझं कशाला?" म्हणत मी ती काढून खुंटीला अडकवली.

"आन पाऊस आला तर?"

"माझ्याकडे सोय आहे."

काठी तेवढी राहू दिली. त्यांचा गुडघा दुखायचा, शिवाय काठी माझ्या तंबूला लागणार होती.

पठारावर भर दुपारी परतीच्या पावसानं गाठलं. माझा पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट, पसरून छप्पर केलं. बुटांच्या नाड्या काढून ताणाच्या दोऱ्या केल्या. रिकामी सॅक बसायला आणि मधे खांब म्हणून वडिलांची काठी. दहा मिनिटांत घर उभं राहिलं.

"लई भारी केलंस, राव," वडील म्हणाले. मी फुशारलो.

तासभर आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलो. ते चुळबुळत होते. मला वाटलं, थंडी वाजत असेल. मग "लघवीला जाऊन आलो" म्हणत ते बाहेर सरकले, आणि थोड्याच वेळात हाक आली. मी बिननाडीचे बूट फरफटत, भिजत धावलो. ते ओल्या खडकावर पडले होते. गुडघा पिरगळला होता.

कडा तिथून अर्ध्या तासावर होता. मी त्यांना पाठीवर घेऊन माघारी वळलो. पुढे त्यांना तो चढ कधीच जमला नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

वाटेत मी घाबरून त्यांच्यावरच चिडलो. "काठी घेऊन जायची ना! हाताशीच तर होती."

"काढली असती तर घर पडलं असतं की रं तुझं," ते पाठीवरून म्हणाले.