पहिलं प्रकरण आणि चालू माइक

कॉलेजात शिकवता शिकवता धरलेल्या माझ्या पीएच.डी.ला सहा वर्षांची मुदत होती आणि त्यातलं शेवटचं अख्खं वर्ष मी टिपणं ठेवायला सॉफ्टवेअर निवडण्यात घालवलं.

विषय चांगला होता, उमरेडचे हातमाग विणकर. मुलाखतींची टिपणं चिठ्ठ्यांवर होती आणि चिठ्ठ्या मिठाईच्या नऊ डब्यांत. बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये येणारा प्रत्येक पाहुणा आशेनं डबा उघडायचा आणि तोंड पाडून बंद करायचा. (शेवटी बायकोनं डब्यांवर 'आत कागद आहेत' असं लिहून ठेवलं.)

पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये टिपणांना रंगीत खुणा करता येत, पण जांभळा रंग नव्हता. दुसऱ्यात जांभळा होता, पण टिपणं रेघांनी एकमेकांना जोडायची होती. आठवडाभर जोडत बसलो, तर शेवटी सगळं सगळ्याला जोडलं गेलं! तिसरं चौदा दिवस फुकट होतं. ते चौदाही दिवस ते कसं वापरायचं याचे व्हिडिओ पाहण्यात गेले.

"काय करून राहिले?" बायकोनं विचारलं.

"संशोधन."

"मले तर रंगपंचमी दिसून राहिली!"

मग एका शुक्रवारी गाईड मॅडमचा फोन आला. "सोमवारी पाचपर्यंत पहिलं प्रकरण पाठवा. नाहीतर नोंदणी रद्द. मुदतवाढीचा अर्ज दोनदा नामंजूर झालाय, आठवतंय ना?"

सहा वर्षं पाण्यात जाणार होती! तोवर सहा सॉफ्टवेअर झाली होती, घाईघाईनं सातवं घेतलं. त्यात बोललं की आपोआप टाइप व्हायचं. पण बोलणार कोण? मला तर रंग ठरवायचे होते. म्हणून आईला बसवलं. आई मूळची उमरेडची. तिच्या वडिलांचे दोन माग होते आणि लहानपणी तिनं त्यांना सुताच्या कांड्या भरून दिल्या होत्या. (हे मला माहीत होतं. पण घरच्या माणसाची मुलाखत कोण घेतं?)

"आई, फक्त चिठ्ठ्या वाचायच्या. मोठ्यानं."

"एवढंच नं? रोज पेपर नाही वाचत का मी?"

शनिवार-रविवार आई वाचत होती आणि मी शेजारच्या खोलीत दार लावून नुसते टिपणांचे क्रमांक बघून खुणा करत होतो. सोमवारी पावणेपाचला पहिल्या प्रकरणाच्या हिरव्या खुणेची सगळी टिपणं निवडली, एक बटण दाबलं आणि चाळीस पानांचं प्रकरण तयार! काय देखणं दिसत होतं म्हणून सांगू! वाचायला वेळ नव्हता. पाठवून दिलं.

सहाला मॅडमचा फोन. "पान तीन उघडा."

उघडलं. 'विणकर सुताला खळ लावीत, त्यामुळे कापड उजळ दिसे. हॅट्! उजळ दिसाले काहून लावतीन? ताण्याचा धागा तुटू नये म्हणून लावत. कोणं सांगतलं गा याले? सूनबाई, कुकरची शिटी झाली वं, गॅस बंद कर.'

"आता पान पाच."

'एका दिवसात तीन लुगडी विणली जात. तीन? माह्या बापाले एका लुगड्याले तीन दिवस लागत! हे पोरगं प्रोफेसर कसं झालं, मले तर समजतच नाही.'

माइक दोन्ही दिवस चालू होता आणि आईनं प्रत्येक चिठ्ठीशी भांडण काढलं होतं.

"मॅडम, लगेच दुरुस्त करतो—"

"हात लावू नका! कोण आहेत या बाई?"

"आई आहे माझी."

"मग सहा वर्षं तुम्ही कोणाच्या मुलाखती घेत होतात?"

खरंच लाज वाटली हो.

दुसऱ्याच दिवशी मॅडम घरी आल्या. तीन तास दोघी बोलत बसल्या. मॅडम भराभर वहीत लिहून घेत होत्या. मी दोनदा चहा नेऊन दिला, दोन्ही वेळा माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही.

निघताना आईनं त्यांचा हात धरला. "मॅडम, माह्या पोराची नोंदणी रद्द नका करू."

"तुम्ही शिकवाल का त्यांना?"

आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शिकवीन नं. पण सहा महिने तरी लागतीन. पोरगं जरा मठ्ठ आहे."

मॅडमनी मुदतवाढीच्या अर्जात कारण म्हणून हेच जरा सभ्य भाषेत लिहिलं, आणि या वेळी विद्यापीठाला ते ताबडतोब पटलं.